तलावाकाठी दोन रात्री : अडचण असू द्या, धोका नको



दिवाळीची सुटी संपून शाळा सुरू झाली की कार्यालयात एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे शिबिर. सातवी ते नववीच्या मुला-मुलींचे दोन रात्रींचे शिबिर आपण डिसेंबरात मांडूला तलावाकाठी भरवतो. सूचनापत्र घरी गेले की दुसऱ्या दिवसापासून पालकांचे प्रश्न येऊ लागतात. तिथे पलंग आहेत का? गरम पाणी मिळेल का? मोबाईल चार्ज करायची सोय आहे का? आणि शेवटी, "सर, थोडे पैसे जास्त घ्या, पण मुलांना हॉटेलातच उतरवा ना!"

हे प्रश्न मायेपोटी येतात, म्हणून आम्हाला त्यांचा राग येत नाही. पण यातल्या बहुतेक प्रश्नांचे उत्तर "नाही" असेच आहे. नुसते "नाही" म्हणून पालकांचे समाधान होत नाही आणि होऊही नये. म्हणून या अंकात शिबिराची सगळी मांडणी कारणांसकट सांगायचे ठरवले आहे.

आमचे सूत्र थोडक्यात असे की शिबिरात अडचण मुद्दाम ठेवायची आणि धोका मुद्दाम काढून टाकायचा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थंड पाण्याने तोंड धुणे, जमिनीवर झोपणे, अंधारात आपली चप्पल शोधणे ही अडचण झाली. त्यातून मूल शिकते. तलावाचा निसरडा काठ, तंबूत पेटती सिगडी, अंथरुणात शिरलेला साप हा धोका. त्यातून शिकण्यासारखे काही नाही, तो टाळायचाच असतो. हॉटेलात उतरल्याने अडचण जाते, धोका जातोच असे नाही. हॉटेलाच्या मागेही तलाव असतोच की!

साधी छावणी म्हणजे काय

आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी लग्नानंतर अमेरिकेत मिशिगन राज्यात राहते. गेल्या खेपेला ती माहेरी आली तेव्हा शाळेत भेटायला आली होती. तिने तिथल्या सरकारी जंगलांतल्या छावण्यांविषयी सांगितले. त्या उत्तरेकडच्या भागात पाइन, स्प्रूस, भूर्ज अशा झाडांची दाट वने आहेत आणि वनांत हजारो लहान-मोठे तलाव आहेत. अशा तलावांच्या काठी वनविभागाने तंबूंसाठी जागा आखून दिलेल्या असतात. त्या जागेवर काय असते? एक लाकडी टेबल, चूल पेटवायला एक लोखंडी कडे, काही अंतरावर एक हातपंप आणि खड्ड्याचा संडास. वीज नाही, नळ नाही, स्नानगृह नाही. अशा छावणीला तिथे "साधी" किंवा "रांगडी" छावणी म्हणतात. घरी सगळ्या सोयी असलेली माणसे सुटी काढून तिथे राहायला जातात.

तिने तिथले दोन नियम सांगितले, ते आम्ही वहीत टिपून ठेवले. पहिला नियम असा की खाण्याची वस्तू तंबूत ठेवायची नाही. वासाने अस्वल येते. दुसरा नियम असा की जळणाचे लाकूड दुरून आणायचे नाही, छावणीच्या आसपास मिळेल तेच जाळायचे. याचे कारण ऐकण्यासारखे आहे. २००२ मध्ये डेट्रॉइट शहराजवळ एक चकचकीत हिरवा भुंगेरा सापडला. तो मूळचा पूर्व आशियातला. त्याची अळी ॲश नावाच्या झाडाची साल आतून पोखरते. स्वतः उडत तो फार लांब गेला नसता, पण लोकांनी गाड्यांतून नेलेल्या जळणाबरोबर तो राज्याराज्यांत पोहोचला आणि कोट्यवधी झाडे वाळून गेली. एक साधी मोळी केवढे नुकसान करू शकते, ते पाहा.

आपल्याकडे अस्वलाच्या जागी माकडे आहेत. नियम मात्र तोच.

मांडूच का?

धारहून मांडू सुमारे ३५ किलोमीटर. काकडा खोहची खोल दरी ओलांडली की पठार सुटते आणि आपण विंध्याच्या एका वेगळ्या कड्यावर येतो. साग, पळस, तेंदू, मोह आणि अधूनमधून ते फुगलेल्या खोडाचे गोरखचिंचेचे झाड, ज्याला इथे खुरासानी इमली म्हणतात. गावातल्या चौकातून रेवाकुंडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सागर तलाव लागतो. पावसाळ्यानंतर तो भरलेला असतो. तलावाच्या परिसरात, पण पाण्यापासून लांब, एका शेतमालकाच्या परवानगीने आपण तंबू लावतो. जुन्या इमारतींच्या आवारात तंबू लावायचा नाही आणि चूलही पेटवायची नाही. ती संरक्षित ठिकाणे आहेत. शिवाय त्यांच्या कमानींना आग्या मोहोळे असतात. धूर किंवा दगड लागला तर काय होते, ते सांगायला नको.

मांडूत तंबू ठोकणारे आपण पहिले नाही. १६१७ मध्ये बादशहा जहांगीर मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत मांडूत मुक्कामाला होता. त्याच्या लष्कराबरोबर इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हाही आला होता. त्याला राहायला जागा मिळेना, तेव्हा त्याने एका ओसाड मशिदीच्या आवारात बिऱ्हाड केले. पुढे उन्हाळ्यात पाण्याचे हाल सुरू झाले. एवढे मोठे लष्कर आणि पाणी थोडे. एका सरदाराला एक झरा सापडला होता, त्याने रोला रोज चार खेपा पाणी द्यायचे कबूल केले, तेव्हा कुठे त्याची माणसे तगली. एका रात्री सिंह आवारात शिरला आणि मेंढी घेऊन गेला. सिंहाची शिकार फक्त बादशहाने करायची असा नियम होता, म्हणून रोला आधी परवानगी मागावी लागली. तोवर सिंह पुन्हा येऊन त्याचा छोटा पांढरा कुत्रा घेऊन गेला. ही गोष्ट आम्ही पहिल्या रात्री मुलांना सांगतो. सिंह मांडूतून केव्हाच गेले, पण कंदिलाच्या उजेडात ऐकताना मुले एकमेकांना चिकटून बसतात.

त्याच वर्षी पाऊस पडल्यावर जहांगीरने आपल्या आठवणींत मांडूच्या हिरवाईचे तोंडभरून कौतुक केले. जागा तीच होती, उन्हाळ्यात हाल आणि पावसाळ्यात स्वर्ग. फरक फक्त पाण्याचा. आपल्या शिबिराचा पहिला धडाही पाण्याचाच असतो.

एका माणसाला पंधरा लिटर

शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे असे आपल्या देशातले नियोजनाचे प्रमाण आहे. खेड्यांतल्या नळयोजनांसाठी ते ५५ लिटर धरतात. भूकंप किंवा पूर आल्यावर जी मदत-छावणी उभी राहते, तिथे माणशी किमान १५ लिटर मिळावे असे जगभरातल्या मदतसंस्था मानतात. आपले शिबिर या शेवटच्या प्रमाणावर चालते.

पंधरा लिटर म्हणजे घरी एका अंघोळीला लागणारी एक मोठी बादली. त्यात दिवस काढायचा. पिण्यासाठी तीन लिटर, स्वयंपाकाच्या वाट्याचे तीन, हात-तोंड आणि ताट-वाटी धुवायला चार, संडाससाठी पाच. अंघोळ नाही. ओल्या पंचाने अंग पुसायचे. (दोन दिवस अंघोळ नाही म्हटल्यावर आजीमंडळी नाराज होतात, त्यांची आम्ही आधीच क्षमा मागतो!) चाळीस मुले आणि सहा मोठी माणसे मिळून ४६ जण. रोजचे ६९० लिटर, दोन दिवसांचे १३८० लिटर. हजार लिटरच्या दोन टाक्या भरून ठेवल्या की पुरेसे होते. हा हिशेब सातवीची मुले स्वतः फळ्यावर मांडतात.

पहिल्या दिवशी दुपारीच कुणाची तरी बादली संपते. मग शेजाऱ्याकडे मागणे, शेजाऱ्याने आधी नाही म्हणणे, नंतर अर्धा मग देणे, हे सगळे होते. आम्ही मध्ये पडत नाही. फक्त पिण्याचे पाणी वेगळे ठेवलेले असते आणि त्यावर कुणालाही बंधन नसते. कारण तहान ही अडचण नाही, तो धोका आहे.

समोर एवढा तलाव भरलेला असताना ही काटकसर कशाला, असे मुले विचारतात. उत्तर असे की तलाव हा नळ नव्हे. त्यात गुरे उतरतात, कपडे धुतले जातात, शेतांतले वाहून आलेले सगळे जाते. ते पाणी प्यायचे तर आधी गाळावे आणि खळखळ उकळावे लागते. दुसऱ्या दिवशी आम्ही मुलांना जहाज महाल दाखवतो. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधोमध तो उभा आहे. त्याच्या गच्चीवर पडणारे पावसाचे पाणी वळणावळणाच्या दगडी पन्हळीतून खाली सोडलेले आहे. वळणांमुळे पाण्याचा वेग कमी होतो आणि गाळ मागे राहतो. जवळ दोन तलाव असूनही ज्यांनी छपरावरचा थेंब धरून ठेवला, ते राजे विलासी असतील, पण पाण्याच्या बाबतीत मूर्ख नव्हते.

हे आम्ही धार-देवासच्या मुलांना मुद्दाम दाखवतो. धार हे साडेबारा तलावांचे गाव असे जुने लोक सांगतात. आज तलाव मोजायला निघालो तर बोटे उरतात. देवासचे तर वडीलधाऱ्यांना आठवत असेल. जुने तलाव बुजवून त्यावर घरे आणि कारखाने उभे राहिले, कूपनलिका आटल्या आणि १९९० मध्ये इंदूरहून रेल्वेने पाणी आणायची पाळी आली. पुढे २००६ पासून देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने आपापल्या शेतांत हजारो तलाव खोदले, तेव्हा शेतांत पुन्हा पाणी दिसू लागले. ज्या मुलाने एका बादलीत दिवस काढला आहे, त्याला हा इतिहास पाठ करावा लागत नाही.

रात्र आणि थंडी

तंबूची जागा निवडणे हे एक शास्त्र आहे. पाण्यापासून निदान साठ मीटर, म्हणजे मुलांच्या शंभरेक पावलांइतके अंतर. खोलगट जागा नको, तिथे थंड हवा आणि दव दोन्ही साचतात. मोठ्या झाडाखाली नको, वाळकी फांदी केव्हा पडेल ते सांगता येत नाही. वारुळाजवळ, दगडांच्या ढिगाजवळ, कुंपणाच्या काट्यांजवळ नको.

मांडूला डिसेंबरात रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. पालक दोन-दोन रजया पाठवतात आणि त्या अंगावर घेऊनही मुले कुडकुडतात. कारण थंडी वरून येते त्यापेक्षा जास्त खालून येते. जमीन अंगातली ऊब ओढून घेते. म्हणून आधी ताडपत्री, तिच्यावर पोती, त्यावर जुन्या वर्तमानपत्रांचे चार-पाच थर, मग सतरंजी आणि गोधडी. अंगाखाली जेवढे घालाल तेवढे वर कमी लागते. टोपी आणि कोरडे मोजे घालून झोपायचे. दिवसाचे घामट कपडे बदलायचेच.

थंडी कितीही असो, तंबूत सिगडी नेऊ दिली जात नाही. कोळशाच्या धगीतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद जागेत झोपलेला माणूस त्याने झोपेतच जातो. उत्तर भारतातून दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. घरी न्हाणीघरात किंवा बंद खोलीत शेगडी ठेवणाऱ्यांनीही हे वाचावे.

सापाची भीती सर्वांनाच असते. थंडीत साप कमी फिरतात, पण फिरतच नाहीत असे नाही. यात मण्यार, ज्याला आपल्याकडे करैत म्हणतात, तो रात्रीचा आणि जमिनीवर झोपणाऱ्यांचा वैरी. त्याचा दंश फारसा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि घरचे समजतात की अपचन झाले. यावर साधा उपाय म्हणजे मच्छरदाणी. तिच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी नीट खोचायच्या. डास नसले तरीही मच्छरदाणी लावायचीच. रात्री उठायचे तर टॉर्च लावून आणि बूट झटकून. दंशाची नुसती शंका आली तरी मुलाला चालू द्यायचे नाही, हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवायचा आणि १०८ ला फोन करून किंवा जवळच्या गाडीने थेट सरकारी दवाखान्यात न्यायचे. घट्ट दोरी बांधणे, ब्लेडने कापणे, तोंडाने ओढणे, झाडफूक, यांतले काहीही करायचे नाही. शिबिर चालू असेपर्यंत एक गाडी चालकासह तिथेच उभी असते. तिच्या किल्ल्या कुणाजवळ आहेत हे प्रत्येक शिक्षकाला माहीत असते.

मुलींच्या पालकांसाठी थोडे वेगळे. मुलींचे तंबू मधोमध, दोन्ही टोकांना शिक्षिकांचे तंबू. मुलींचे संडास वेगळे, कनातीने बंद, वाटेवर कंदील. चर खोदलेला असतो आणि प्रत्येक वेळी माती टाकायची असते. पाळीच्या दिवसांत लागणारे सामान शिक्षिकांजवळ असते, मागायला संकोच वाटू नये म्हणून ते आधीच वाटून ठेवतात. या कारणासाठी कोणत्याही मुलीला शिबिरापासून दूर ठेवू नये, अशी आमची विनंती आहे.

एक संध्याकाळ

आता जी गोष्ट सांगतो ती आम्ही आजवर पत्रकात छापली नव्हती. लपवण्यासारखी नव्हती, पण सांगायला जड जात होती.

काही वर्षांपूर्वीच्या शिबिरात संध्याकाळी जेवणानंतरच्या हजेरीला सातवीचा एक मुलगा कमी भरला. आधी वाटले तंबूत असेल. मग वाटले संडासला गेला असेल. अंधार पडत होता. वीस मिनिटे आम्ही सगळे हाका मारत फिरलो. ती वीस मिनिटे आम्हाला आजही आठवतात. शेवटी एका शिक्षकाच्या टॉर्चचा उजेड तलावाच्या काठावर पडला. मुलगा गुडघाभर चिखलात उभा होता, हातात धुतलेले ताट. टाकीजवळ रांग मोठी होती, म्हणून ताट धुवायला तलावावर आला होता. वरून कोरड्या दिसणाऱ्या काळ्या मातीत पाय रुतला, ओढायला गेला तर दुसराही रुतला. त्याला आमच्या हाका ऐकू येत होत्या. त्याने उत्तर दिले नाही. विचारले तर म्हणाला, "तुम्ही रागवाल म्हणून."

मूल काठापासून आणखी चार पावले आत गेले असते, तर पुढे काय झाले असते ते लिहायची गरज नाही. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही, हे आम्हाला पुस्तकातून माहीत होते. पण काठावर रुतलेले मूलसुद्धा ओरडले नाही, आणि त्याचे कारण आमचा धाक होता, हे त्या रात्री कळले. शाळेत इतकी वर्षे काढूनही मुलांच्या मनातली ही गोष्ट आम्हाला कळली नव्हती.

परत आल्यावर आम्ही स्वतः त्याच्या घरी गेलो आणि आईला सगळे सांगितले. त्या माऊलीने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "सर, शिबिर बंद करू नका. पण काठावर कुणालातरी उभं ठेवा." दोन वर्षांनी त्यांनी धाकट्या मुलीलाही पाठवले.

तेव्हापासून चार नियम झाले. एक, प्रत्येक मुलाची जोडी ठरलेली असते आणि जोडीदाराशिवाय तंबूच्या आवाराबाहेर पाऊल टाकायचे नाही. दोन, तलावाच्या बाजूला दोरी बांधलेली असते आणि उजाडल्यापासून झोपेपर्यंत तिथे एक शिक्षक पाळीपाळीने उभा असतो. पाण्यात उतरणे पूर्ण बंद, पोहता येत असले तरी. आपल्या मालव्यातल्या कितीतरी तलावांत शिंगाड्याचे वेल असतात, ते चांगल्या पोहणाऱ्याचेही पाय धरतात. तीन, काठावर एक लांब बांबू आणि रिकामा बंद कॅन बांधलेला दोर कायम ठेवलेला असतो. कुणी पाण्यात पडले तर बांबू पुढे करायचा, कॅन फेकायचा, मोठ्याने बोलवायचे, पण वाचवायला स्वतः उडी मारायची नाही. चार, प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी असते, आणि शिट्टी वाजवणाऱ्याला कोणत्याही कारणासाठी रागवायचे नाही. उगीच वाजवली तरी नाही. हा चौथा नियम मुलांसाठी नसून आम्हा शिक्षकांसाठी आहे, आणि तोच पाळायला सगळ्यात कठीण आहे.

चूल, जेवण आणि कचरा

शनिवारी रात्री दाल-बाफले होतात. बाफले भाजायला लागणाऱ्या गोवऱ्या आपण गावातूनच विकत घेतो. जंगलातले लाकूड तोडत नाही आणि वाळकेही गोळा करत नाही. वाळक्या लाकडात किडे राहतात, किड्यांवर पक्षी जगतात, आणि गावातल्या बायाबापड्यांचे जळणही तेच असते. चूल मोकळ्या जागी, भोवतीचे वाळके गवत काढून, जवळ वाळूची बादली ठेवून. विझवताना पाणी टाकून राख ढवळायची आणि हाताच्या मागच्या बाजूने धग तपासायची. धग लागली तर पुन्हा पाणी.

खाऊ तंबूत ठेवायचा नाही. चिवडा, लाडू, बिस्किटे जे काही घरून येईल ते सगळे एका लोखंडी पेटीत जमा होते आणि रोज सर्वांना वाटले जाते. त्यामुळे माकडे, कुत्री आणि मुंग्या यांच्यापासून सुटका होते. शिवाय कुणाच्या डब्यात काजूकतली आहे आणि कुणाच्या डब्यात काही नाही, हा प्रश्नही मिटतो. प्लास्टिकचे जे काही नेले ते मोजून परत आणायचे. निघताना सगळ्यांनी एका ओळीत उभे राहून मैदानावरून चालायचे आणि दिसेल तो कागद उचलायचा.

घरून काय द्यावे

ताट, वाटी, पेला, दोन लिटरची बाटली, टॉर्च आणि जादा सेल, मच्छरदाणी, गोधडी, टोपी, मोज्यांचे तीन जोड, पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट, साबणाची वडी आणि नियमित औषधे चिठ्ठीसह. मुलाला दमा, फिट किंवा कशाची ॲलर्जी असेल तर ते लपवू नका. त्यावरून आम्ही कुणालाही नाकारत नाही, पण माहीत नसेल तर काळजी घेता येत नाही. मोबाईल देऊ नये. शिक्षकांचे फोन चालू असतात आणि रोज रात्री नऊ वाजता प्रत्येक घरी "सर्व ठीक" असा निरोप जातो. नऊनंतर निरोप आला नाही तर अवश्य फोन करा.

मोबाईल नसल्यामुळे मुले आकाशाकडे पाहतात. डिसेंबरात संध्याकाळी पूर्वेला मृग नक्षत्र उगवते, डोक्यावर कृत्तिकांचा झुपका असतो आणि नऊच्या सुमारास खाली व्याध चमकू लागतो. शहरात दिव्यांच्या उजेडाने कृत्तिका नीट दिसत नाहीत. पहिल्या रात्री मुलांना झोप लागत नाही. पंखा नाही, उजेड नाही, कोल्हे ओरडतात. कुणीतरी हळूच रडतेही. दुसऱ्या रात्री तीच मुले साडेनऊला गाढ झोपतात. त्या दोन रात्रींच्या मधे जे काही घडते, त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

आपले पूर्वज अठराव्या शतकात पवारांच्या फौजांबरोबर या मालव्यात आले, ते राहुट्यांतच राहिले. वाडे नंतर झाले. त्यांच्या वंशजांना दोन रात्री तंबूत काढता येणार नाहीत असे आम्हाला वाटत नाही.

संमतीपत्र आणि आरोग्यपत्रक या अंकासोबत दिले आहे. दोन्ही नीट वाचून, भरून, सही करून पाठवावे. शंका असल्यास शाळेच्या वेळेत कार्यालयात या, चहा घेऊ आणि बोलू. आणि ज्या पालकांना सवड असेल त्यांनी एका संध्याकाळी दोरीपाशी उभे राहायला यावे. काठावर एक माणूस जास्त असला तर आम्हाला हवाच आहे.